अंकपाश आणि चक्रवाल

बीड शहरांतून भल्या सकाळीं निघालेला एक जिल्हा अंमलदार आपण डोळ्यांपुढें आणूं. जिल्ह्याचे तालुके अकरा. त्यांतून बीड वगळलें म्हणजे दहा ठाणीं उरतात : गेवराई, माजलगांव, वडवणी, धारूर, केज, अंबेजोगाई, परळी, शिरूर, पाटोदा आणि आष्टी. प्रत्येक ठाण्यास एकदांच जाऊन दप्तर तपासावयाचें आणि शेवटीं बीडास परत यावयाचें, असा त्याला हुकूम आहे. कोठून कोठें किती अंतर पडतें याचा तक्ता त्याच्या खिशांत आहे. त्याला ठरवावयाचें तें एवढेंच, कीं कोणत्या क्रमानें गेलें असतां एकंदर वाट सर्वांत कमी पडेल?

प्रश्न मराठी चौथीच्या मुलास समजेल असा आहे. आतां असे क्रम किती संभवतात तें मोजूं. पहिल्या मुक्कामासाठीं दहा पर्याय, त्यांतल्या प्रत्येकापुढें नऊ, त्यापुढें आठ. असें करतां करतां दहापासून एकापर्यंतच्या सर्व अंकांचा गुणाकार होतो, आणि तो येतो ३६,२८,८००. या कामीं एक कारकून बसविला आणि त्यानें रात्र म्हटली नाहीं, दिवस म्हटला नाहीं, दर मिनिटास एक मार्ग याप्रमाणें लांबी मांडली, तर त्याचें काम संपण्यास सहा वर्षें अकरा महिने लागतील. उलट दिशेनें गेलेला मार्ग तितकाच लांब असतो हें त्याच्या ध्यानांत आलें तर निम्मे श्रम वांचतील. तरीही आमच्या अंमलदारास बीडची वेस ओलांडण्यासाठीं जवळजवळ साडेतीन वर्षें थांबावें लागेल.

छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशें हा आंकडा मीं मुद्दाम निवडलेला नाहीं. तालुक्यांच्या संख्येमुळें तो आपोआप आला. परंतु जुन्या गणिताशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना तो ऐकतांच ओळखूं येईल. शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ रचला. त्याचा पहिला भाग लीलावती. लीलावतीच्या अगदीं अखेरीस अंकपाश नांवाचें एक चिमुकलें प्रकरण आहे, आणि त्यांत आचार्यांनीं विचारलें आहे कीं शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूल इत्यादि दहा वस्तु आहेत. त्या हातांतल्या हातांत बदलल्या तर मूर्तींचे भेद किती होतील? उत्तर तेंच, ३६,२८,८००. त्याच उदाहरणांत शंख, चक्र, गदा आणि पद्म धारण करणारा चतुर्भुज हरि आहे. त्याचे भेद चोवीस. संध्येंतील केशवादि चोवीस नांवें आपल्यापैकीं पुष्कळांना पाठ असतील; त्या चोवीस मूर्ति शिल्पशास्त्रांत आयुधांच्या अशा क्रमभेदानेंच ओळखल्या जातात.

लीलावती ही आचार्यांची कन्या, तिच्या लग्नाची घटका पाहण्याच्या पात्रांत मोतीं पडून मुहूर्त टळला, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. ती अकबराच्या दरबारांतील फैजीनें १५८७ सालीं केलेल्या फारसी भाषांतराबरोबर आली. कथा गोड आहे. आचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत तिला आधार नाहीं.

दुसरा वाद गांवाचा. आपलें नगर सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड होय, असें आचार्य सांगतात. हें विज्जडविड कोणतें? कांहीं अभ्यासकांनीं तें म्हणजे बीड असें मानलें, कांहींनीं विजापूर, आणि कांहींनीं चाळीसगांवजवळचें पाटण. बीडच्या बाजूनें नामसादृश्य आहे, आणि सह्याद्रीची बालाघाट ही शाखा या जिल्ह्यांतून जाते. पाटणच्या बाजूनें शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं गेल्याच्या मागच्या शतकांत तो उजेडांत आणला. आचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें मठ स्थापिला व त्यास इ. स. १२०७ च्या सुमारास दान मिळालें, असें त्यावरून कळतें. परंतु नातवाचा मठ म्हणजे आजोबांचें जन्मस्थान नव्हे, आणि नामसादृश्य हा तर इतिहासांतला फार निसरडा पुरावा. निकाल द्यावा इतकें साधन आज आपल्या हातीं नाहीं, असें माझें मत आहे. एवढें मात्र निश्चित, कीं चांगदेव ज्या सिंघण यादवाच्या पदरीं ज्योतिषी होता, त्याच सिंघणाचा सेनापति खोलेश्वर याचे शिलालेख अंबेजोगाईस आहेत. पाटण आणि अंबेजोगाई एकाच राज्यांत नांदत होतीं. तेव्हां आचार्यांचा अंकपाश बीडच्या अंमलदाराला लागू केला, तर त्यांत परक्याच्या घरांत शिरल्यासारखें कांहीं नाहीं.

अंकपाशाच्या शेवटीं आचार्यांनीं एक मार्मिक टोला मारला आहे. त्याचा आशय असा, कीं या प्रकरणांत गुणाकार विचारलेला नाहीं, भागाकार नाहीं, वर्ग नाहीं, घन नाहीं. तरीसुद्धां गणिताचा गर्व वाहणारे बटु या पाशांत हटकून पडतात. त्यांचा रोख मोजणीच्या रीती न समजणाऱ्यांवर होता हें उघड आहे. परंतु या टोल्याचा अर्थ आठशें वर्षांनंतर आचार्यांच्या कल्पनेपेक्षां पुष्कळ अधिक खोल ठरला, आणि आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

मूर्तींचे भेद किती, हें मोजण्यास नऊ गुणाकार पुरतात. परंतु त्या सर्व भेदांतून अमुक एक गुण ज्यांत सर्वांत अधिक आहे असा एकच भेद हुडकून काढा, असें म्हटलें कीं सारा प्रसंग पालटतो. मोजणें ही एक गोष्ट, धुंडाळणें ही निराळी. दहा ठाण्यांपुरतें आजचें गणकयंत्र हें काम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच करील. पण तोच अंमलदार बीडाहून निघून महाराष्ट्राच्या उरलेल्या पस्तीसही जिल्ह्यांचीं मुख्य ठाणीं पाहूं म्हणेल, तर त्याच्यापुढील क्रमांची संख्या एकेचाळीस आंकडी होते. सेकंदास शंभर कोटी मार्ग तपासणारें यंत्र घेतलें, उलटसुलट मार्ग एकच धरले, तरी विश्वाचें आजवरचें जें वय शास्त्रज्ञ सांगतात त्याच्या दहा लाख कोटींहून अधिक पट काळ त्याला लागेल. दहांचे पस्तीस झाले, म्हणजे साडेतीनपट. आणि श्रम मात्र कल्पनेच्याही पलीकडे गेले.

येथें कोणी म्हणेल, एकामागून एक सर्व मार्ग तपासणें हा मठ्ठ माणसाचा उपाय झाला; बुद्धिमान माणूस कांहीं युक्ति काढील. अगदीं खरें आहे, आणि तशा युक्तीचें अत्युत्तम उदाहरण भास्कराचार्यांनींच आपल्या बीजगणितांत देऊन ठेवलें आहे. अशी एक संख्या सांगा, कीं तिच्या वर्गास ६१ नें गुणून त्यांत एक मिळविला असतां पुनः पूर्ण वर्गच येईल. हा प्रश्न ६० साठीं घातला असता तर उत्तर चार : चाराचा वर्ग सोळा, साठपट नऊशें साठ, अधिक एक, नऊशें एकसष्ट, आणि तो एकतिसाचा वर्ग. ६२ साठीं उत्तर आठ. आणि मधल्या ६१ साठीं? सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८०, आणि त्यापासून निघणारें वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९.

आमच्या कारकुनाला १, २, ३ असे आंकडे क्रमानें तपासावयास लावलें, तर मिनिटास एक याप्रमाणें त्याला सुमारें चारशें तीस वर्षें लागतील. लीलावतीच्या वर्षीं बसला असता, तर अकबराच्या कारकीर्दींत उठला असता. आचार्य हें उत्तर काढतात तें मात्र अवघ्या कांहीं ओळींत.

त्यांची रीत चक्रवाल. तिचें मर्म असें, कीं उत्तर एकदम शोधूं नका. प्रथम एक चुकीचें उत्तर घ्या आणि तें किती चुकलें तें लिहून ठेवा. आठाचा वर्ग ६४. तो ६१ पेक्षां तिनानें अधिक, म्हणजे हवा होता एक आणि मिळाले तीन. आतां या तिनाच्या साह्यानें पुढचा आंकडा अशा रीतीनें निवडावयाचा कीं भागाकार निःशेष जावा आणि नवी चूक लहान राहावी. तेथें सात बसतात, आणि ३९ व ५ ही जोडी मिळते : ३९ चा वर्ग १५२१, पांचाच्या वर्गाची एकसष्टपट १५२५, चूक उणें चार. चूक चारावर आली म्हणजे ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें सांगितलेली भावना कामास येते. भावना म्हणजे दोन अपुऱ्या उत्तरांचा संयोग करून तिसरें उत्तर काढण्याची कृति. संयोगांत चुकांचा गुणाकार होतो. ३९ आणि ५ यांचा त्यांच्याशींच असा संयोग करीत गेलें कीं २९,७१८ व ३,८०५ ही जोडी येते, आणि तिची चूक असते उणें एक. तिचा पुनः तिच्याशींच संयोग केला कीं उणें एकाला उणें एकानें गुणून अधिक एक, आणि दहा आंकडी उत्तर समोर उभें! चार शतकांचें काम एका पाटीवर आटोपलें. मला स्वतःला प्राचीन गणितांत याहून सुंदर कांहीं आढळलेलें नाहीं.

चक्रवालाचें सर्व श्रेय भास्कराचार्यांना देण्याची आपली संवय मात्र सोडावयास हवी. उदयदिवाकरानें १०७३ सालीं लिहिलेल्या टीकेंत जयदेव नांवाच्या पूर्वीच्या गणित्याचे श्लोक आले आहेत, आणि त्यांत ही रीत आहे. ते श्लोक कृपाशंकर शुक्ल यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केले.

युरोपांत हाच ६१ चा प्रश्न पियर द फर्मा यानें १६५७ सालीं आव्हान म्हणून फ्रेनिकल याला पाठविला. फर्माला भारतीयांच्या कृतीचा पत्ता नव्हता. ६१ हा आंकडा त्यालाही सुचला, कारण लहान दिसून फसविणारा असा तोच आहे. इंग्लंडांत ब्राऊंकर आणि वॉलिस यांनीं अशा प्रश्नांची रीत शोधली, पुढें ऑयलरनें चुकून त्याला पेलचें नांव दिलें, आणि लाग्रांजनें ही रीत नेहमींच यशस्वी होते याची सिद्धता दिली. कोलब्रुकचें इंग्रजी भाषांतर १८१७ सालीं निघालें, तेव्हां कोठें पाश्चात्यांना चक्रवालाची ओळख झाली. नांव आजही पेलचेंच चालतें. अन्याय आहे, पण पेललाही तो सन्मान हक्कानें मिळालेला नव्हता, हें लक्षांत घेतलें म्हणजे राग थोडा निवतो.

तर मग प्रश्न असा उभा राहतो : ६१ साठीं जसें चक्रवाल निघालें, तसें बीडच्या अंमलदारासाठीं निघेल काय?

दोन प्रश्न दिसावयास जुळे भाऊ असावेत आणि स्वभावानें अगदीं उलट निघावेत, असा अनुभव येथें येतो. प्रत्येक रस्त्यावरून एकदांच जाऊन सर्व रस्ते पुरे करतां येतील काय, हा प्रश्न ऑयलरनें १७३६ सालीं क्यॉनिग्जबर्गच्या सात पुलांच्या निमित्तानें सोडविला. प्रत्येक चौकांत किती रस्ते मिळतात तें मोजा. विषम संख्येचे चौक दोहोंपेक्षां अधिक असतील तर जमणार नाहीं. रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाचें काम झालें. पण प्रत्येक गांवीं एकदांच जाऊन सर्व गांवें पुरीं करतां येतील काय, असें विचारलें कीं ही मोजणी निरुपयोगी होते. रस्त्याच्या जागीं गांव हा शब्द आला एवढाच फरक, आणि जवळजवळ तीनशें वर्षांत त्याच्यासाठीं तशी सोपी कसोटी कोणासही सांपडलेली नाहीं.

आपल्या देशांत या फेरीच्या प्रश्नाशीं प्रत्यक्ष गांठ पडली ती प्रशांतचंद्र महालनोबिस यांची. बंगालमध्यें तागाखालील क्षेत्राची नमुना-पाहणी करतांना माणसें व सामान ठिकठिकाणीं हलविण्याचा खर्च किती येईल याचा त्यांनीं १९४० सालीं विचार केला. अमेरिकेंत डँट्झिग, फुलकर्सन आणि जॉन्सन या तिघांनीं १९५४ सालीं एकूणपन्नास शहरांची सर्वांत लहान फेरी हातानें काढून दाखविली. म्हणजे पस्तीस-चाळीस ठाण्यांपुढें हात टेकण्याचें कारण नाहीं. प्रत्येक प्रश्नाच्या अंगच्या सोयी पाहून पुष्कळ मजल मारतां येते. २००६ सालीं तर ८५,९०० बिंदूंच्या एका फेरीचें निश्चित उत्तर निघालें. परंतु अशा युक्त्यांत आणि चक्रवालांत भेद आहे. या युक्त्या येथें चालल्या म्हणून तेथें चालतीलच असें कोणी हमीनें सांगूं शकत नाहीं.

ही हमी म्हणजे काय, याची व्याख्या प्रथम नीट केली जॅक एडमंड्स यांनीं, १९६५ सालीं. वस्तूंची संख्या वाढली असतां श्रम त्या संख्येच्या वर्गाच्या, घनाच्या अथवा अशाच एखाद्या ठराविक घाताच्या प्रमाणांत वाढत असतील, तर ती रीत चांगली समजावी. उलट एक वस्तु वाढली कीं श्रम दुप्पट, अशी चाल असेल तर ती रीत वाईट. हा भेद पुस्तकी वाटेल, म्हणून एक हिशेब सांगतों. समजा उद्यां यंत्र हजारपट वेगवान् झालें. चांगल्या रीतीला त्याचा फार मोठा लाभ होईल. श्रम वर्गाच्या प्रमाणांत असतील तर तितक्याच वेळांत तीसपटीहून अधिक वस्तूंचा निकाल लागेल. दुपटीच्या चालीच्या रीतीला मात्र तेवढ्याच वेळांत आणखी सुमारें दहाच वस्तु झेपतील, कारण एकाची दहा वेळां दुप्पट केली कीं हजार संपले. लोहाराच्या भात्यानें जें होणार नाहीं तें नुसता भाता मोठा करून होत नाहीं.

१९७१ सालीं टोरांटोचे स्टीफन कुक, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणें रशियांत लिओनिद लेविन, यांनीं एक विलक्षण गोष्ट दाखविली. ज्यांचें उत्तर हातीं आलें असतां बरोबर कीं चूक हें झटपट पडताळतां येतें अशा सर्व प्रश्नांचा मिळून एक वर्ग करावा. त्या साऱ्या वर्गाचा भार एकट्या एका प्रश्नावर आणतां येतो. तो एक सुटला कीं सर्व सुटले. १९७२ सालीं रिचर्ड कार्प यांनीं असा भार वाहणारे एकवीस प्रश्न नांवानिशीं मांडले. गांवांच्या फेरीचा प्रश्न त्यांत आहे. त्यानंतर अशा प्रश्नांची संख्या हजारांवर गेली. ते सर्व एका माळेचे मणी आहेत : एकासाठीं चक्रवाल निघालें तर सर्वांसाठीं निघेल, आणि एकासाठीं तें असंभवनीय आहे असें सिद्ध झालें तर सर्वांसाठीं तें असंभवनीय ठरेल. यापैकीं काय खरें, तें आजतागायत कोणीही सिद्ध केलेलें नाहीं. अमेरिकेंतील क्ले संस्थेनें २००० सालीं त्यासाठीं दहा लाख डॉलरांचें पारितोषिक लावलें. तें अद्यापि तसेंच आहे.

कार्प यांच्या एकवीस प्रश्नांपैकीं एक असा आहे कीं तो आपल्या घरांतलाच म्हणावा : वांटणी. दोन भाऊ, वडिलोपार्जित दागिने, आणि कोणताही दागिना मोडावयाचा नाहीं. दोहोंना सारखें सोनें जाईल काय? समजा, पांच दागिने ११, ९, ८, ७ आणि ५ तोळ्यांचे आहेत. एकंदर ४०, म्हणून प्रत्येकास २०. या वांटणीसाठीं १९८२ सालीं एक चतुर रीत निघाली. सर्वांत जड दोन नग परस्परविरुद्ध पारड्यांत टाकावयाचे आणि त्यांच्या जागीं फक्त अंतर लिहावयाचें. ११ व ९ गेले, राहिले २. मग ८ व ७ गेले, राहिला १. ५ व २ गेले, राहिले ३. शेवटीं ३ व १, अंतर २. म्हणजे एका भावास २१ तोळे, दुसऱ्यास १९. वाईट नाहीं. पण खरी वांटणी जवळच होती : ११ आणि ९ एकास, बाकीचे तीन दुसऱ्यास. पहिल्याच पावलीं ११ व ९ दूर केले, तेथेंच ती हातची गेली. दागिने चाळीस असले तर वांटण्या होतात पन्नास हजार कोटींहून अधिक, आणि कोणतें पाऊल पुढें अंगावर येईल तें अगोदर कळण्याची सोय नाहीं. भाऊबंदकीचे दावे पिढ्यान्पिढ्या कां चालतात याचें सगळें कारण गणितांत नसलें, तरी थोडेंसें आहे.

ही अंतराची रीत कार्प आणि त्यांचे शिष्य नरेंद्र करमरकर या दोघांची. करमरकर हे ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यांतले, मुंबईच्या आय्. आय्. टी. ची पदवी त्यांनीं १९७८ सालीं घेतली आणि बर्कले येथें कार्प यांच्या हाताखालीं १९८३ सालीं डॉक्टरेट मिळविली. दुसऱ्याच वर्षीं, बेल प्रयोगशाळेंत असतांना, त्यांनीं जें केलें त्यानें त्यांचें नांव जगभर झालें.

तो प्रश्न लिनिअर प्रोग्रॅमिंगचा. कोणत्या शिवारांतून कोणत्या साखर कारखान्याकडे किती टन ऊस न्यावा म्हणजे वाहतुकीचा खर्च कमींत कमी येईल, अशा जातीचे हे प्रश्न. डँट्झिग यांनीं १९४७ सालीं त्यासाठीं एक रीत दिली होती आणि व्यवहारांत ती उत्तम चाले. पण १९७२ सालीं क्ली आणि मिंटी यांनीं अशीं उदाहरणें रचलीं कीं त्यांत ती रीत दुपटीच्या गर्तेंत सांपडे. मग हा प्रश्न मूळचाच दुर्घट आहे काय? नव्हता. रशियाचे खाचियान यांनीं १९७९ सालीं चांगली रीत आहे असें सिद्ध केलें. ती व्यवहारास मंद होती. १९८४ सालीं करमरकरांनीं जी रीत दिली ती सिद्धतेनेंही चांगली आणि व्यवहारांतही उपयोगी. जुनी रीत हिऱ्याच्या कडेकडेनें एका टोंकावरून दुसऱ्या टोंकावर जाई. करमरकर हिऱ्याच्या पोटांतून गेले. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं टनांचे तुकडे करतां येतात म्हणून हा प्रश्न वश झाला. तोच ऊस वाहणाऱ्या गाडीनें कोणत्या क्रमानें फडाफडांवर जावें, हें विचारलें कीं गाडी अर्धी इकडे अर्धी तिकडे नेतां येत नाहीं, आणि आपण पुनः बीडच्या अंमलदारापाशीं येऊन पोंचतों.

अशा अनुभवांमुळें शहाणा गणिती कोणत्याही प्रश्नाला कायमचा दुर्घट म्हणतांना कचरतो. २००२ सालीं कानपूरच्या आय्. आय्. टी. मध्यें मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनीं एखादी संख्या मूळ आहे कीं नाहीं हें ओळखण्याची हमखास चांगली रीत दिली. तोंवर ती कोणालाही साधली नव्हती. परंतु संख्या मूळ नाहीं हें कळणें निराळें आणि तिचे अवयव सांगणें निराळें. अवयव पाडण्याची तशी रीत अद्यापि ज्ञात नाहीं. २०२० सालीं एका २५० आंकडी संख्येचे अवयव पाडावयास असंख्य यंत्रांचे मिळून हजारों वर्षांचे श्रम लागले. याच कठिणपणाच्या भरंवशावर १९७७ सालीं आर्. एस्. ए. नांवाचें गुप्तलेखन निघालें आणि दूरच्या दूर चालणाऱ्या पैशांच्या व्यवहारांवर त्याचीं कुलुपें बसलीं. उद्यां कोणी चक्रवाल शोधलें तर तीं कुलुपें उघडतील. म्हणजे अंमलदाराला ज्या गोष्टीचा त्रास, तिच्याच आधारावर आपली ठेव सुरक्षित आहे असें आपण मानतों, आणि तो आधार सिद्ध झालेला नाहीं, केवळ मोडलेला नाहीं.

मग ज्याच्या दुर्घटतेची सिद्धता झाली आहे असें कांहीं आहेच काय? आहे. हार्टमॅनिस आणि स्टर्न्स यांनीं १९६५ सालीं दाखविलें, कीं वेळ पुरेसा वाढवून दिला तर पूर्वी न सुटणारे कांहीं प्रश्न सुटतात; म्हणजे कमी वेळांत न सुटणारे प्रश्न खरोखरच अस्तित्वांत आहेत. पट हवा तेवढा मोठा करतां येईल असें बुद्धिबळ त्यांपैकींच आहे, हें १९८१ सालीं सिद्ध झालें.

आणि स्वतः चक्रवाल? एडमंड्सच्या कांट्यावर तेंही घालून पाहिलें पाहिजे. आर्किमीडीजच्या नांवावर असलेलें सूर्याच्या गुरांचें कोडें शेवटीं याच वर्गप्रश्नाशीं येऊन मिळतें. तेथें ६१ च्या जागीं जी संख्या येते ती पंधरा आंकडी आहे. अमथोर यानें १८८० सालीं त्याचें स्वरूप उलगडलें, आणि सगळ्या गुरांची संख्या कॅनडांतील वॉटर्लू येथें १९६५ सालीं गणकयंत्रानें काढली. ती भरते २,०६,५४५ आंकडे. पंधरा आंकड्यांत मावणाऱ्या प्रश्नाचें उत्तर लिहावयास एक जाड ग्रंथ लागतो. येथें रीतीचा दोष नाहीं. उत्तरच एवढें लांब आहे कीं तें नुसतें उतरून काढण्यास चांगली रीत पुरी पडणार नाहीं. ६० ला चार, ६२ ला आठ, आणि ६१ ला बावीस कोटींच्या वर, हा जो खोडकरपणा भास्कराचार्यांनीं ११५० सालीं शिष्यांपुढें ठेवला, त्याचें मूळ तेथें आहे. उत्तर सबंध न लिहितां संक्षेपानें सांगितलें तर चालेल, अशी सवलत दिली, तरीही आजच्या यंत्रांसाठीं चांगली रीत माहीत नाहीं. २००२ सालीं शॉन हॉलग्रेन यांनीं ती दिली. पण ज्या क्वांटम यंत्रासाठीं ती आहे, त्या जातीचीं आजवर बांधलेलीं यंत्रें या कामास फार लहान आहेत.